क्लब सुधारला, म्हणजे कोण सुधारले?

मालक बदलल्यावर फुटबॉल क्लब सुधारला का, हा प्रश्न वरवर गुणतक्त्याचा वाटतो. मुळात तो ओळखीचा आहे. जो सुधारला म्हणायचा, तो आधी तोच राहिलेला हवा. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की चाक, आस, दांडा यांपैकी रथ कोणता? एकही नाही, रथ हे भागांच्या जुळणीचे नाव. क्लबही तसाच.

2014 साली सुरू झालेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. मार्च 2022 मध्ये फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात हैदराबादचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीने शूटआउटमध्ये तीन फटके अडवले; चषक हैदराबादचा झाला. पुण्याच्या बालेवाडीत नारिंगी जर्सी घालून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्याच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही. त्याचा क्लब सुधारला नाही, संपला.

मुंबई सिटीचे तसे नाही. 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने 65 टक्के हिस्सा घेतला, 2020-21 मध्ये साखळीत अव्वल येण्याची शील्ड आणि चषक दोन्ही आले. शहर, नाव, प्रेक्षक टिकले. इथे ‘सुधारला’ हे क्रियापद शोभते.

म्हणजे मालक बदलला, तरी जपायचे ते जपले जायला हवे. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेत मालकी म्हणजे सांभाळच. असा सांभाळ क्लबबाहेरही दिसतो. पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये उभारला. 2003 मध्ये ते गेले, तरी आश्रम पाबळमध्येच आहे आणि मुले आजही तिथे हातांनी काम करत शिकतात.