फुलपाखराचे भय

पावसाळा ओसरून झेंडू फुलू लागला की फुलपाखरे पाहून कोणाचेही मन प्रसन्न होते, अशी आमची समजूत होती. परंतु आमच्या शब्बाथशाळेत एक मुलगी अशी होती की, खिडकीतून फुलपाखरू आत आले की ती तोंड झाकून रडू लागे. एके रविवारी तिचे भय घालवावे म्हणून आम्ही एक फुलपाखरू पकडून तिच्या हातावर ठेवले. "पाहा, हे काही करते का?" असे विचारले. मुले हसली. त्यानंतर ती पुष्कळ दिवस वर्गाला आली नाही.

आमचे म्हणणे खोटे नव्हते. फुलपाखराला दात नाहीत, नांगी नाही. मध शोषण्याची गुंडाळलेली सोंड तेवढी आहे. मग आम्ही चुकलो कोठे? फुलपाखरू निरुपद्रवी आहे हे त्या मुलीलाही ठाऊक होते. जे ठाऊक आहे तेच पुन्हा सांगून छातीतली धडधड थांबत नाही. फुलपाखरू सरळ उडत नाही. ते कोणत्या क्षणी कोणीकडे वळेल याचा नेम नसतो. पक्ष्यांपासून जीव वाचवण्यास ही चाल त्याच्या उपयोगी पडते, पण भ्यालेल्या माणसाला पुष्कळदा हीच घाबरवते. तो पळतो, पळताच त्याला हायसे वाटते, आणि पळण्याची सवय जडली की भय अधिकच वाढते.

यावर उपाय आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशाला भीत असे. तो आवडीचे खात असताना ससा पिंजऱ्यात घालून दूर ठेवीत व हळूहळू जवळ आणीत. न भिणारी मुलेही त्याच्याबरोबर खेळत. अखेरीस ससा त्याची बोटे कुरतडू लागला तरी तो भ्याला नाही. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात अशा पायरीपायरीच्या उपचाराची पद्धतशीर मांडणी केली.

भय वाटणे हा दोष नव्हे. भित्र्या मुलाला "तुझा विश्वास कमी आहे" असे म्हणणे तर अन्यायच होय. पुढची एक पायरी चढणे एवढेच त्याच्या हाती असते. ती पायरी केवढी असावी हे त्याला विचारणे, आणि तो थांबला तर आपणही थांबणे, हे आपले कर्तव्य आहे. आम्ही दहा पायऱ्या एकदम चढवू पाहिल्या, आणि त्याही तिला न विचारता. भयामुळे मुलाचे शाळेत जाणे, खेळणे किंवा झोपणे बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

आम्ही त्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या आईसमोर तिची क्षमा मागितली. ती परत आल्यावर फळ्यावर फुलपाखराचे चित्र काढले. रंग तिने भरले. काही आठवड्यांनी तिच्याच संमतीने झाकण लावलेल्या बरणीत एक फुलपाखरू वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवले, आणि नंतर तिच्यादेखत बागेत सोडून दिले. आजही ती फुलपाखराला हात लावीत नाही. पण परवा एक आत आले तेव्हा आम्ही खिडकी लावायला उठलो, तर ती म्हणाली, "नको, उघडीच राहू द्या. ते आपलं आपण जाईल."