परतीची वाट उघडी ठेवावी का?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शॉर्ट सर्किट शिकवतात तेव्हा फळ्यावर तीन गोष्टी असतात. बॅटरी, बल्ब आणि बल्बला बगल देऊन टाकलेली एक तार. करंटला सोपी वाट मिळाली की तो बल्बकडे ढुंकूनही बघत नाही. बल्ब विझतो, तार तापते, बॅटरीचा जीव जातो. परीक्षेत याला ‘फॉल्ट’ म्हणायचं असतं.

माणसाच्या हातात हाच फॉल्ट डॉक्टर मुद्दाम करतात आणि त्यावर लाखो लोक जगतात. त्याला एव्ही फिस्टुला म्हणतात.

हृदयातून जोरात निघालेलं रक्त धमन्यांमधून बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यात शिरतं. तिथे त्याचा जोर मोडतो, प्राणवायू वाटला जातो आणि मग ते शिरांमधून निवांत परततं. फिस्टुला म्हणजे हे जाळं वगळून धमनी आणि शीर थेट जोडणं. डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त लागतं. हाताच्या साध्या शिरेत तेवढा प्रवाह नसतो. धमनीत जोर असतो, पण ती खोल असते आणि तिला आठवड्यातून तीनदा टोचणं परवडणारं नाही. म्हणून शीर धमनीला जोडायची. धमनीच्या जोराने ती दीड-दोन महिन्यांत फुगते, तिची भिंत जाड होते आणि मग ती जाड सुया सोसायला तयार होते. दर वेळी दोन सुया, आठवड्यातून तीन वेळा, म्हणजे वर्षाला ३१२. डायलिसिसवाले ‘हात तयार झाला का?’ असं विचारतात. हात तयार होणं ही त्यांच्या जगातली मोठी बातमी असते.

या फॉल्टचा इतिहास मजेदार आहे. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७५७ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्या काळी बऱ्याच दुखण्यांवर कोपरातून रक्त काढायचे. पातं शिरेच्या आरपार जाऊन खालच्या धमनीत घुसलं, की जखम भरताना दोन्ही एकमेकींना जोडल्या जायच्या आणि शीर थरथरू लागायची. दोनशे वर्षं सर्जन हा बिघाड दुरुस्त करत आले. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हाताबाहेर ठेवून डायलिसिस पुन्हा पुन्हा करता येतं हे दाखवलं. पण नळीत रक्त गोठायचं, जंतुसंसर्ग व्हायचा. मग न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात जेम्स चिमिनो, मायकेल ब्रेशिया आणि सर्जन केनेथ अॅपेल यांनी उलटा विचार केला. जो बिघाड आपण दुरुस्त करतो, तोच करून बघू. त्यांचा लेख १९६६ मध्ये छापून आला. आज ६० वर्षं होत आली, तरी डायलिसिससाठी याहून भरवशाची वाट सापडलेली नाही.

माझे मामा लोणी काळभोरचे. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनकडे जाताना दोन्ही बाजूंना ज्या नर्सऱ्या लागतात, त्यातल्या एकीत त्यांचं आयुष्य गेलं. गुलाबाची आणि आंब्याची कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. रक्तदाबाने त्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. तीन वर्षं डायलिसिस केलं. महात्मा फुले योजनेमुळे डायलिसिसचे पैसे पडत नव्हते, पण हडपसरपर्यंतचा रिक्षाखर्च आणि बुडालेला रोज कुठल्याच योजनेत बसत नाही.

पहिला फिस्टुला डाव्या मनगटावर केला होता. तो आठ महिने चालला. जोडाजवळ शीर अरुंद झाली, एकदा फुग्याने ती रुंद केली, पुन्हा अरुंद झाली आणि एका सकाळी थरथर थांबलेली होती. रक्त गोठलं होतं. मग कोपराजवळ दुसरा फिस्टुला केला. तो तयार होईपर्यंत मानेतल्या कॅथेटरवर दिवस काढले. त्या सात-आठ आठवड्यांबद्दल मामी अजूनही बोलत नाही. डायलिसिस सुरू झालं की अर्ध्या तासात मामांना थंडी वाजून यायची आणि त्यांचे दात एकमेकांवर आपटायचे.

सहा वर्षांपूर्वी मामीने त्यांना किडनी दिली. ती उत्तम चालली आहे. क्रिएटिनिन १.२. मामा पुन्हा नर्सरीत जातात.

पण कोपरावरचा फिस्टुला चालूच राहिला. प्रत्यारोपण झाल्यावर तो लगेच बंद करत नाहीत. किडनी स्थिरावू देतात. काहींचा आपोआप बंद पडतो, मामांचा उलट वाढला. शिरेला दोन ठिकाणी फुगे आले, एक लिंबाएवढा. डॉपलरमध्ये प्रवाह मिनिटाला दोन लिटरच्या वर निघाला. माणसाचं हृदय आरामात असताना मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं. मामांच्या हृदयाला ही दोन लिटरची फेरी वरकड मारावी लागत होती, आणि त्या फेरीचा कुणालाच उपयोग नव्हता. दुसऱ्या मजल्यावर चढताना त्यांना मध्ये थांबावं लागायचं. इकोमध्ये हृदय मोठं झालेलं दिसलं.

सर्जनने ओपीडीत एक साधी गोष्ट करून दाखवली. फिस्टुला अंगठ्याने दाबून धरला. मॉनिटरवरचे नाडीचे ठोके ८८ वरून ७६ वर आले. अंगठा काढला, पुन्हा वर गेले. निकोलादोनी आणि ब्रॅनहॅम या दोघांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवून ठेवलं आहे. मी आकडे बघणारा माणूस आहे, पण एका अंगठ्याने हृदयाला उसंत मिळते हे बघताना मी आकडे विसरलो.

सर्जनने तीन वाटा सांगितल्या. आहे तसं ठेवून लक्ष ठेवायचं. जोडाजवळ आवळून प्रवाह कमी करायचा. किंवा फिस्टुला बांधून फुगे काढून टाकायचे. फुग्यावरची कातडी पातळ झाली असती, जखम झाली असती, तर विचारायची वेळच नव्हती, कारण असा फुगा फुटला तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जाऊ शकतो. मामांची कातडी अजून जाड होती. म्हणून निर्णय आमच्यावर आला.

मला आणि माझ्या मामेभावाला मधली वाट आवडली. आवळायचं. थोडं हेही, थोडं तेही. सर्जन म्हणाले, करता येईल, पण कमी आवळलं तर उपयोग नाही आणि जास्त आवळलं तर रक्त गोठून ते बंदच पडेल. तो विषय तिथेच संपला.

राहिला खरा प्रश्न. किडनी कायमची नसते. जिवंत दात्याची किडनीही कुणाची दहा वर्षं चालते, कुणाची वीस. ती गेली तर पुन्हा डायलिसिस, आणि त्यासाठी पुन्हा हात तयार करणं. शिरा काही अमर्याद नसतात. मग हाती असलेली, चालू असलेली वाट आपणच का बुजवायची?

आपल्या घरांमध्ये याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘असू दे, लागेल कधीतरी.’ आपले माळे या वाक्याने भरलेले असतात. जुना मिक्सर, टीव्हीचं खोकं, लग्नातली पातेली. माझ्या धंद्यातही हीच शहाणपणाची गोष्ट मानतात. एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा तयार हवा, आणि काही ठिकाणी तो नुसता तयार नव्हे तर चोवीस तास चालू हवा. फक्त त्याचं वीजबिल येतं, ते कुणीतरी भरतं आणि ते किती हे दर महिन्याला दिसतं. फिस्टुलाचं बिल हृदय भरत असतं आणि ते दिसायला वर्षं जातात. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडमध्ये डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर स्थिर असलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि एका गटाचे फिस्टुला बांधले. २०१९ मध्ये निकाल छापला. सहा महिन्यांनी बांधलेल्यांच्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं वजन सरासरी २२ ग्रॅमने उतरलं होतं, बाकीच्यांचं होतं तिथेच होतं. त्यामुळे माणूस जास्त जगतो का, हे सहा महिन्यांच्या अभ्यासातून कळत नाही. पण बिल येतं, हे कळतं.

‘असू दे’ म्हणणाऱ्यांमध्ये मीही होतो, आणि मी जिना सहज चढतो. सावधपणाचा सल्ला देणारा आणि त्याची किंमत मोजणारा हे बहुतेकदा दोन वेगळे लोक असतात. विमा विकणाऱ्यापासून आईवडिलांपर्यंत सगळीकडे हे दिसतं. म्हणून सल्ला चुकीचा ठरत नाही, पण त्याचं वजन कमी होतं.

मामीचं तसं नव्हतं. ती मोजत आली आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं ती मामांच्या थरथरत्या हाताकडे बघून चेष्टेत म्हणायची, ‘माझ्या किडनीवर भरवसा नाही वाटतं तुमचा.’ त्यामुळे फिस्टुला बंद करण्याचा विषय निघाल्यावर ती आनंदाने हो म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. तिने ठाम नाही सांगितलं.

मामांनी त्यांच्या कामातला दाखला दिला. गुलाबाचं कलम धरलं की खालच्या खुंटावरची रानटी फूट खुडून टाकतात. नाही खुडली तर सगळा रस ती ओढते आणि वरचं कलम खंगतं. ‘हा हात म्हणजे खुंटावरची फूट आहे,’ मामा म्हणाले. दाखला इतका चपखल होता की मी गप्प बसलो. मामी नाही बसली.

‘अहो, कलम मेलं तर तुम्ही दुसरं बांधता. मी कुठून आणू दुसरी?’ आणि थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, ‘मी किडनी दिली. गॅरंटी नाही दिली.’

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. अवयवदानावर लिहिणाऱ्यांनी घेणाऱ्याच्या ओझ्याबद्दल पुष्कळ लिहिलं आहे. रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी या अमेरिकी अभ्यासक तर त्याला दानाची जुलूमशाही म्हणतात. एवढं मोठं दान फेडता येत नाही, म्हणून घेणारा देणाऱ्याचा कायमचा बांधील होतो. आपल्याकडचं ठळक उदाहरण जयप्रकाश नारायण यांचं. आणीबाणीच्या तुरुंगवासात त्यांच्या किडन्या गेल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटल्यावर ते मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलात आले, आणि ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात वारले तोवर डायलिसिसवर जगले. त्यांच्या मशीनसाठी लोकांनी वर्गणी काढली. इंदिरा गांधींनी मदतनिधीतून पाठवलेले पैसे मात्र त्यांनी परत केले. ज्याचं मीठ खायचं त्याचं काय काय मानावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. लोकांचा पैसा ते आपला म्हणू शकत होते, तो पैसा नव्हते म्हणू शकत.

मामीने मला उलट बाजू दाखवली. ओझं देणाऱ्यावरही असतं. फिस्टुला आहे तोवर मामांचं आयुष्य दोन खांबांवर उभं आहे. तो बांधला की सगळा भार तिच्या एका किडनीवर. उद्या ती बंद पडली, मामांच्या मानेत पुन्हा नळी गेली, त्यांचे दात पुन्हा वाजले, तर ते ‘तिच्या’ किडनीमुळे. कुणी तोंडावर म्हणणार नाही. पण तिला ते ऐकू येईल. आपण देणाऱ्याचे पाय धरतो, सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो, आणि त्या भरात दिलेली वस्तू तिच्याच नावावर ठेवतो. ‘मामीची किडनी कशी आहे?’ असंच आम्ही सगळे सहा वर्षं विचारत आलो आहोत.

मग देणाऱ्याला मत असावं का? कायद्यात नाही. शरीर मामांचं, सही मामांची. तरी मला वाटतं, मामीला मत होतं आणि ते ऐकून घेतल्याशिवाय ऑपरेशन करणं अन्याय ठरला असता. नकाराधिकार मात्र नव्हता. या दोन्हींत फरक आहे, आणि घराघरांत तो पुसला जातो. एक तर देणाऱ्याला विचारतच नाहीत, किंवा त्याचा शब्द शेवटचा मानतात.

मामांनी तिला महिनाभर वेळ दिला. मग एकदा जेवताना म्हणाले, ‘ती तू दिलीस तेव्हाच माझी झाली. गेली तर माझी जाईल. तुझं काही जाणार नाही.’ मामी म्हणाली, ‘बोलायला सोपं आहे.’ पण पुढच्या तारखेला ती बरोबर आली.

मला मामांचं म्हणणं पटतं. फेडता येत नाही ते दान पूर्ण घ्यायचं तर त्याचं यशच नव्हे, त्याचं बिघडणंही स्वतःच्या खात्यावर घ्यावं लागतं. नाहीतर ते उसनंच राहतं. मामीला हे पटलंय का, मला सांगता येत नाही, आणि तिने पटवून घ्यावं असा माझा आग्रहही नाही. तिची भीती एका खऱ्या अनुभवातून आली आहे. शिवाय तिच्याकडेही आता एकच किडनी आहे, हे आम्ही बोलताना कायम विसरतो.

ऑपरेशन गेल्या पावसाळ्यात झालं. हाताला भूल देऊन धमनीकडचं तोंड बांधलं, दोन्ही फुगे काढले. दुसऱ्या दिवशी मामा घरी आले. कोपरावर लांब टाके, थोडे दिवस दुखलं. संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून मामीने सही केली. नात्याच्या रकान्यात तिने ‘पत्नी’ लिहिलं.

उजव्या हाताच्या शिरा सर्जनने राखून ठेवायला सांगितल्या आहेत. कधी लागलं तर नवा फिस्टुला तिथे होईल, आणि तोवर त्या वाटेचं काही बिल येत नाही. उजव्या कोपरातून रक्त काढायचं नाही, सलाईन लावायचं नाही. तपासणीचं रक्त पंजाच्या पाठीवरून घ्यायचं. दर महिन्याला नमुना घ्यायला येणारा मुलगा नवा असला की तो सवयीने कोपराला रबर बांधायला जातो, आणि मामी आतल्या खोलीतून ओरडते, ‘तिथे नाही!’