रडणाऱ्या पिशाचाची साक्ष

मागील उन्हाळ्यात सुटीतील बायबल शाळा संपली त्या संध्याकाळी संडे स्कूलच्या एक शिक्षिकाबाई आमच्या घरी आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक जाडसर इंग्रजी पुस्तक त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. पूर्वी त्यांच्या वर्गात असलेल्या व आता तरुण संघात येणाऱ्या एका मुलीकडे ते सापडले होते. "भाऊ, नुसतं चित्र बघून पोटात गोळा आला. जाळायचं की परत द्यायचं, तेवढं सांगा," बाई म्हणाल्या.

इफिस येथील विश्वासणाऱ्यांनी जादूची पुस्तके जाळली हे आम्हास ठाऊक आहे. परंतु ती त्यांची स्वतःची होती, दुसऱ्याच्या मुलीची नव्हती. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले, कारण आमचे इंग्रजी थिऑलॉजीच्या डिप्लोमापुरतेच आहे आणि शब्दकोश सारखा उघडावा लागला.

पुस्तक म्हणजे अमेरिकन लेखिका अ‍ॅन राइस यांची 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' ही १९७६ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी. व्हॅम्पायर म्हणजे माणसाचे रक्त पिऊन जगणारे, म्हातारे न होणारे, दिवसाचा उजेड न सोसणारे पिशाच. आपल्याकडची भुते गावाबाहेर पिंपळावर किंवा ओढ्याकाठी राहतात. हे पिशाच भर शहरात राहते, उंची कपडे घालते व नाटकाला जाते.

सॅन फ्रान्सिस्कोतील एका खोलीत लुई नावाचा असा व्हॅम्पायर एका तरुणाला रात्रभर आपली हकीकत सांगतो आणि तो तरुण ती टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतो. १७९१ साली लुई पंचवीस वर्षांचा होता. न्यू ऑर्लिन्सजवळ त्याचा निळीचा मळा होता. भावाच्या मृत्यूस आपण कारण झालो या टोचणीने तो मरण शोधत हिंडत असता लेस्टॅट नावाच्या व्हॅम्पायरने त्याला आपल्यासारखा केला. लुईला माणसे मारवत नाहीत. तो काही वर्षे उंदरांच्या व जनावरांच्या रक्तावर काढतो. मग एके रात्री साथीत मेलेल्या आईजवळ रडत बसलेली पाच वर्षांची मुलगी त्याला दिसते, आणि तो तिचे रक्त पितो. पुढे लेस्टॅट तिलाही व्हॅम्पायर करतो. तिचे मन मोठ्या बाईचे होते, पण देह पाच वर्षांचाच राहतो.

या मुलीच्या प्रकरणावर आम्ही पेन्सिलीने 'अमंगळ' असा शेरा मारला होता. नंतर कळले की लेखिकेची स्वतःची मुलगी १९७२ साली रक्ताच्या कर्करोगाने वारली. तेव्हा तिला सहा वर्षेही पुरी झाली नव्हती. तो शेरा आम्ही खोडून टाकला. ही बाई पुढे १९९८ साली आपल्या बालपणीच्या कॅथॉलिक मंडळीत परत गेली, प्रभु येशूच्या बालपणावर तिने कादंबरी लिहिली, आणि २०१० साली आपण ख्रिस्ती धर्म सोडत असल्याचे जाहीर केले. २०२१ साली ती वारली. तिचा न्याय करण्याचे काम आमच्याकडे नाही.

ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'त व्हॅम्पायर बाहेरून, परदेशातून येतो. क्रूस दिसला की मागे सरतो, आणि घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय त्याला प्रथम आत पाऊल टाकता येत नाही. तिथे कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे वाचकाला विचारावे लागत नाही. लुई मात्र क्रुसाला भीत नाही. उलट क्रुसाकडे पाहणे त्याला आवडते. शिवाय बोलतो तो स्वतःच. दुःखी माणूस आपली कथा आपल्या तोंडाने सांगू लागला की आपण नकळत त्याचे होतो. त्या मुलीचेही असेच झाले असावे. आमचे तर झालेच.

दुसऱ्या वाचनात मात्र मन अडखळू लागले. हा मनुष्य सुमारे दोनशे वर्षे हळहळतो आणि दोनशे वर्षे मारतो. एकदा तो न्यू ऑर्लिन्सच्या कॅथीड्रलमध्ये जातो. फादरला वाटते, तरुण पापकबुलीसाठी आला आहे. लुई खरोखर सर्व कबूल करतो. फादरचा विश्वास बसत नाही, आणि लुई त्या मंदिरातच त्याला ठार करतो. कबुली झाली, पण भूक होती तिथेच राहिली. दुसऱ्याचे रक्त घेऊन जगणारा हा आणि आपले रक्त देणारा आपला प्रभु, या विरोधावर एक उपदेश सहज होईल. पण तो आज नको.

आणखी एक गोष्ट. लुईच्या मळ्यावर गुलाम राबत होते. त्यांच्या घामावर त्याचे घर उभे होते. आपल्या पापाचा आरंभ तो त्या घरापासून मात्र धरत नाही, लेस्टॅटच्या चाव्यापासून धरतो. आमच्या मते लुईचे रक्त पिणे १७९१ च्या आधीच सुरू झाले होते. दात मागाहून आले.

शेवट तर विलक्षण आहे. रात्रभर हे सर्व ऐकून तो टेपरेकॉर्डरवाला तरुण काय म्हणतो? मलाही तुझ्यासारखा कर! लुई संतापतो, त्याला चावून अर्धमेला टाकून निघून जातो. तरीही तो पोरगा शुद्धीवर येताच टेप मागे फिरवून लेस्टॅटचा ठावठिकाणा लिहून घेतो आणि मोटारीकडे धावतो.

तेथे पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ बसून राहिलो, कारण तो पोरगा आम्ही पाहिला आहे.

तारण होण्यापूर्वी आम्ही मटका खेळत असू. तरुण संघाच्या शिबिरात दरवर्षी आमची साक्ष ठेवलेली असते. चिठ्ठी कशी लावायची, ओपन-क्लोज म्हणजे काय, आकडा लागला त्या रात्री मित्रांना कसे जेवण घातले, हे सांगताना, खोटे कशाला बोला, आमचा आवाज चढतो. मुले पुढे सरकून बसतात. शेवटी डोळे भरून येतात, तेही खरे असतात. चार वर्षांपूर्वी साक्ष संपल्यावर एक मुलगा मागून आला व हळूच म्हणाला, "भाऊ, एका रुपयाला किती मिळतात?" आम्ही त्याला रागावलो. त्याच्यासाठी प्रार्थनाही केली. दोष त्याच्या कानांत नसून आमच्या जिभेत आहे हे त्या वेळी सुचले नाही.

जक्कयाच्या तोंडी पवित्र शास्त्रात एकही अश्रू नाही. आकडे आहेत: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट. लुईजवळ अश्रू पुष्कळ आहेत, आकडा एकही नाही. आणि आमच्या साक्षीत? बावीस वर्षांपूर्वी आम्ही अक्काच्या बांगड्या तिला न सांगता सोनाराकडे गहाण टाकल्या. त्या सुटल्या नाहीत. हा प्रसंग आम्ही शिबिरात नेहमी सांगतो. श्रोत्यांना तो फार हलवतो. अक्का श्रोत्यांत कधी नसते.

बाईंना आम्ही पुस्तक परत केले. संडे स्कूलच्या मुलांच्या हाती ते देऊ नये. त्यात पुष्कळ काही त्यांच्या वयाचे नाही. पण त्या मुलीला ते परत द्यावे, आणि त्या पोराला व्हॅम्पायर का व्हावेसे वाटले असेल, एवढे तिला विचारावे. बाईंनी विचारले. मुलगी म्हणाली, "त्याने फक्त कसं वाटतं ते ऐकलं. मेलेल्यांचं कोण सांगत होतं?" बाई हे सांगत आल्या तेव्हा आम्हाला उत्तर सुचले नाही.

त्याच आठवड्यात आम्ही अक्काकडे गेलो. पाकीट पुढे केले. तिने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि म्हणाली, "दोन तोळ्यांच्या होत्या. आजचा भाव विचारलास का कुणाला?" आम्ही जक्कयाचे नाव काढताच ती म्हणाली, "चौपट राहू दे. आधी मुद्दल पुरं कर." दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिच्याकडे जातो. अजून सव्वा तोळा बाकी आहे. यंदाच्या शिबिरात साक्ष दुसऱ्या कोणाची ठेवावी असे आम्ही पाळकसाहेबांना कळवले आहे.