जे घाबरले त्यांचे काय?

मंडळीच्या छळाचा इतिहास शब्बाथ शाळेत शिकविताना आपण बहुधा सिंहांच्या आखाड्यापासून सुरुवात करतो. रक्तसाक्षी मरण पावले, म्हणून विश्वास टिकला, असे सांगून पाठ संपतो. मग मागच्या बाकावरचे एखादे मूल विचारते, "जे घाबरले त्यांचे काय झाले?" या प्रश्नाला आपण सहसा बगल देतो. ती देऊ नये, असे आम्हांस वाटते.

इ. स. २५० मध्ये रोमी बादशहा डेशियस याच्या हुकुमाने साम्राज्यातील सर्वांना देवांपुढे यज्ञ करून, यज्ञाचे मांस चाखून, तसा दाखला घेणे भाग पडले. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. मजकूर अगदी कचेरीतला: अर्जदार देवांना नेहमीच यज्ञ करीत आला आहे, आताही अधिकाऱ्यांसमक्ष केला, सही करून मिळावी. रेशनकार्डाच्या अर्जात यापेक्षा अधिक जीव असतो!

रोमचा बिशप फाबियान त्या वर्षी मारला गेला. पण उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात? तेथील बिशप सिप्रियन दुःखाने लिहितो, की कोणी धरायला येण्यापूर्वीच पुष्कळ लोक आपण होऊन यज्ञ करायला धावले. काहींनी यज्ञ न करता पैसे चारून नुसता दाखला मिळविला आणि मनाची समजूत घातली. सिप्रियन स्वतः शहर सोडून लपला होता. विरोधकांनी त्याला ते पुढे अनेकदा ऐकविले.

२५१ साली डेशियस लढाईत पडला, छळ ओसरला, आणि खरा पेच तेव्हाच उभा राहिला. पडलेले लोक रडत मंडळीच्या दाराशी आले. कोणी म्हणाले, घ्या आत. रोमच्या नोवाशियनने मात्र साफ सांगितले, की यांनी देवाजवळ क्षमा मागावी, पण मंडळीने त्यांना पुन्हा प्रभुभोजनास बसवू नये.

नोवाशियनचे म्हणणे आम्हांस हलके वाटत नाही. ज्या आईचा मुलगा तुरुंगात मेला, तिच्या शेजारी कालचा यज्ञ करणारा येऊन बसला, तर तिने काय समजावे? स्वस्तातली क्षमा ही सोसणाऱ्याची थट्टाच होय. पण मग अंगणातल्या शेकोटीजवळ प्रभूला नाकारणाऱ्या पेत्राचे काय? नोवाशियनचा नियम त्याला लावला असता, तर पन्नासाव्या दिवशी उपदेश कोणी केला असता?

कार्थेजच्या परिषदेने २५१ साली प्रत्येकाची निरनिराळी चौकशी करण्याचे ठरविले. केवळ दाखला घेतलेल्यांना परत घेतले. यज्ञ केलेल्यांना दीर्घ पश्चात्ताप सांगितला व मरणसमयी सहभागिता देऊ केली. पुढे दोनएक वर्षांत नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा पश्चात्तापात टिकलेल्या या लोकांनाही सिप्रियनने व त्याच्या सोबत्यांनी आत घेतले. ख्रिस्तासाठी रक्त सांडा असे ज्यांना सांगायचे, त्यांना ख्रिस्ताचा प्याला कसा नाकारावा, हा त्यांचा विचार होता.

१४ सप्टेंबर २५८ रोजी सिप्रियनचा शिरच्छेद झाला. या खेपेस, मरायचे तर आपल्याच शहरात, आपल्या लोकांदेखत, असा त्याचा आग्रह होता. मंडळीतले पुष्कळ लोक त्याच्यामागून वधाच्या जागेपर्यंत गेले. त्यांनी त्याच्यापुढे वस्त्रे अंथरली. त्या गर्दीत आठ वर्षांपूर्वी दाखला घेतलेलेही असतील.