न उघडलेली नोटीस

शरणबंधूंनो, नोकरी सुटली म्हणजे कायक सुटले असे नव्हे. तरी बँकेची नोटीस न उघडता विभूतीच्या डबीखाली ठेवणारे भक्त आम्ही पाहिले आहेत. ही श्रद्धा नव्हे, भय आहे.

कर्ज खरे आहे, ते नाकारू नये. परंतु धमकी म्हणजे कर्ज नव्हे. रात्री-अपरात्री वसुलीचे फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. तारण घरावर २००२ च्या सरफेसी कायद्याने नोटीस आली, तर ६० दिवसांची मुदत असते. लेखी म्हणणे दिल्यास बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. न उघडलेल्या पाकिटात ही मुदत संपून जाते!

सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या आयदक्की मारय्यांना कायकाचे विस्मरण झाले, तेव्हा लक्कम्मांनीच त्यांना जागे केले. आपण मात्र पत्नीपासूनच नोटीस लपवतो. आज पूजा आटोपल्यावर ती दोघांनी मिळून वाचावी.