फिरता रहाट

लाकडाचं यंत्र बंद करून, पुसून, छपराखाली ठेवलं की ते जपलं गेलं, असं आपण धरून चालतो. लाकडाचा न्याय मात्र उलटा आहे. चालत्या लाकडाला वाळवी सहसा धरत नाही. थांबलेल्याला दोन पावसाळे पुरतात.

गुहागरकडच्या एका आगरात रहाट अजून चालतो असं कळलं, म्हणून थंडी सरता सरता मुद्दाम गेलो. गुहागर, मुरुड, आंजर्ले, केळशी ही सगळी नारळी-पोफळीची आगरं एके काळी रहाटावर शिपली जात. कुठे बैल किंवा रेडा जुंपायचे, कुठे माणूसच बसून पायाने रेटायचा, तो पायरहाट. पुढे वीज आली, विहिरीवर पंप बसले आणि बहुतेक रहाटांचं सरपण झालं. पंपाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पहाटेच्या अंधारात रेड्यामागे फिरणाऱ्या पोराची त्या फेऱ्यांतून सुटका झाली ती पंपामुळेच.

तरीही तो रहाट सुरू झाला आणि मी तासभर तिथून हललो नाही. रेडा गोल फिरू लागला की मधला उभा खांब फिरतो, खांबाचं आडवं दातेरी चाक उभ्या चाकाच्या दात्यांना धरतं, त्या चाकाचा आस विहिरीवरचं मोठं चाक फिरवतो, आणि त्यावरून लोट्यांची माळ खाली-वर होते. लोटे तांबड्या मातीचे, आखूड गळ्याचे. त्या गळ्याला सुंभाचा वेढा घालून ते माळेत बांधलेले. खाली जाताना पालथे, वर येताना भरलेले, माथ्यावर आले की पन्हळीत ओततात. थोडं पाणी हिंदकळून परत विहिरीतच पडतं. पन्हळीतून पाटात, पाटातून एकेका माडाच्या आळ्यात. एक आळं भरलं की पायाने माती सारून पाणी पुढच्या आळ्याकडे वळवायचं. पंपाचं पाणी धो धो येतं आणि माती धुऊन नेतं. हे पाणी जिरत जिरत पुढे जातं.

आगरवाले काका माळ तपासत होते. एका लोट्याची कड उडालेली दिसली म्हणून मी विचारलं, हा बदलायला नको का? ते म्हणाले, "लोटा फुटला तरी एक वेळ चालेल हो, माळ तुटता नये." आणि मला गाठ दाखवली. सुंभाचा पीळ ज्या बाजूला, वेढाही त्याच बाजूने घ्यायचा, म्हणजे वजन आलं की गाठ आपोआप आवळते. त्यांच्या मुलाला पंपाची मोटर सोडवून बसवता येते. ही गाठ येत नाही. नात शिकते आहे.

रहाटाच्या या दातेरी चाकांवरून मला पवनचक्की आठवली. पवनचक्की म्हटलं की आपल्याकडे देवगड आठवतं. 1986च्या सुमारास देशातले जे पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले, त्यांतला एक तिथला. पण ती वीज करणारी. लाकडी दात्यांची, पाणी उपसणारी जुनी पवनचक्की ही रहाटाची खरी भावकी. तिच्यात वाऱ्याने आडवा आस फिरतो आणि दातेरी चाकांतून ती गती उभ्या खांबाला मिळते. रहाटात हेच उलटं होतं. नेदरलँड्समधल्या किंडरडाइक गावी अशा 19 पवनचक्क्या आहेत, बहुतेक 1738 ते 1740 या काळात बांधलेल्या. त्यांचं काम सखल जमिनीतलं पाणी उपसून बाहेर काढायचं. आपण झाडाला घालायला पाणी वर काढतो, ते पाय कोरडे राहावेत म्हणून. पुढे तिथेही वाफेचे आणि तेला-विजेचे पंप आले. पण दुसऱ्या महायुद्धात इंधनाचा तुटवडा पडला तेव्हा याच पवनचक्क्यांनी पुन्हा पाणी उपसलं. त्या तोवर मोडीत काढल्या नव्हत्या, एवढंच त्यांचं भाग्य.

हे भाग्य तिथल्या लोकांनी हाताने राखलं. पवनचक्क्या वाचवण्यासाठी 1923 साली संस्था स्थापन झाली. पण इमारत वाचली तरी चालवणारा म्हातारा होऊन जातो, हे लक्षात आल्यावर 1972 मध्ये हौशी चक्कीवाल्यांनी आपला संघ काढला. शिकायला येणाऱ्याने वर्षाचे सगळे ऋतू त्या चक्कीवर काढायचे, वारा ओळखायचा, पात्यांवर कापड किती पसरायचं ते शिकायचं आणि मग परीक्षा द्यायची. 2017 साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते या चक्कीवाल्यांचं कसब. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण वास्तूला वारसा म्हणतो, पाटी लावतो, कुंपण घालतो. वास्तू चालवणारा हात मात्र आपल्या हिशेबात नसतो.

आपल्याकडे 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर माड-पोफळी आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. विहिरीत पाणी, पण पंप मुके. अशा वेळी चालता रहाट दारात असणं म्हणजे काय, ते किंडरडाइकच्या लोकांना सांगावं लागलं नसतं.

ज्यांच्या आगरात रहाटाचे खांब आणि चाकं अजून शाबूत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. दिवाळीनंतर शिपणं सुरू झालं की पंप असला तरी आठवड्यातून एक सकाळ रहाट जुंपा. माळ बांधणारं माणूस गावात असेल तर घरातलं एक पोर त्याच्याजवळ बसवा. आणि लोट्यांचं कुंभाराला आत्ताच सांगून ठेवा. ते करणारेही आता थोडेच उरलेत, आणि पावसाळ्यात ते भाजता येत नाहीत.