कळ थांबल्यावर

वाई तालुक्यातल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. अंगाने काटक, पोरांच्या पुढे धावणारे. एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. आडवं पडलं की वाढे, खोल श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखी टोचे. उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलं की जरा उतार पडे. बायकोने हार्ट अटॅकच धरला आणि साताऱ्याला नेलं.

अटॅक नव्हता. हृदयाभोवतीच्या दुपदरी आवरणाला सूज आली होती, पेरिकार्डायटिस. आपल्याकडे या आवरणात क्षयही शिरतो, म्हणून डॉक्टरबाईंनी तीही तपासणी करून घेतली. मग आयबुप्रोफेन दिलं, 3 महिन्यांचं कोल्चिसिन लिहिलं आणि धावणं बंद केलं.

आठवड्यात कळ गेली. सरांनी गोळ्या कपाटात टाकल्या, शिट्टी गळ्यात घातली. दोन महिन्यांनी पुन्हा तीच रात्र, तीच उशी.

"मॅडम, स्टेरॉइड द्या. माझ्या मित्राला दोन दिवसांत आराम पडला होता."

"आराम पडेल हो. पण ते सोडताना दुखणं उलटायचा धोका वाढतो. दुसरा इलाज नसेल तेव्हाच ते काढायचं. कोल्चिसिनने हे उलटणं जवळजवळ निम्म्यावर येतं. कळलावी माहीत आहे ना? तिच्या बियांतूनही हेच औषध काढतात."

सरांना वैराटगडाच्या उतारावरची लाल-पिवळी फुलं आठवली. आजी हात लावू देत नसे, विषारी म्हणून.

"म्हणूनच मात्रा मी ठरवणार. एकही गोळी जास्त नाही, कमी नाही. जुलाब झाले तर मला फोन. आता निदान 6 महिने."

खरा कस पुढेच लागला. गोळी गिळणं सोपं. धावणाऱ्या माणसाने बसून राहणं फार अवघड, आणि ते औषधाइतकंच मोलाचं. तालुक्याच्या स्पर्धेत सर मैदानाकडेला खुर्चीवर स्टॉपवॉच धरून बसले. पोरं ओरडत होती, "सर, चला ना!" सरांचे पाय बुटांत चुळबुळत होते. ते उठले नाहीत.

पुढे सूज दाखवणारी सीआरपी ही रक्ततपासणी नॉर्मल आली. बायको म्हणाली, "अहो, सुटलात की! आता गोळ्या बंद ना?"

सरांनी कपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद दाखवला. "आधी आयबुप्रोफेन, तेही थोडं थोडं कमी करत. कोल्चिसिन सगळ्यात शेवटी. आणि धावायचं कधी, ते मॅडमना विचारून."